डब्यातला गुळाचा खडा

१

आधी नमस्कार त्या सगळ्यांना, जे सुट्टीच्या सकाळी घरची कामं बाजूला सारून दुसऱ्याचं बोलणं ऐकायला जाऊन बसतात. ते नसते तर बुवा कुणापुढं उभे राहिले असते, आणि प्राध्यापक तरी कुणापुढं?

सयाजीतात्या पोवार हे असल्या ऐकणाऱ्यांतले, आणि तेही पहिल्या रांगेतले. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, त्यातली बावीस गडहिंग्लज गाडीवर. निवृत्त झाले आणि पंचक्रोशीतली कीर्तनं ऐकत हिंडू लागले. मग शहराबाहेरच्या विज्ञान संशोधन विद्यापीठानं लोकांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू केली, तर तात्या तिथंही हजर. विषय ग्रहांचा असो, जिवाणूंचा असो, भूकंपाचा असो. अर्धं कळायचं, उरलेल्या अर्ध्याला मान डोलवायची. कीर्तनात तरी दुसरं काय करतो आपण? तात्यांच्या लेखी कोटातला बुवाही बुवाच. त्याच्या हातात टाळ नसतात, लाल ठिपका टाकणारी कांडी असते, एवढाच फरक.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी शंभरावं व्याख्यान होतं. म्हणून समई लावायचा मान सगळ्यात जुन्या श्रोत्याला, म्हणजे तात्यांना. स्टेजवर पितळी परातीत समई उभी होती, भोवती झेंडूच्या पाकळ्यांचा ढीग. तात्यांनी पाची वाती लावल्या, हात जोडले, आणि देवळातल्या सवयीनं समईच्या पायाशी वाकून पाकळ्यांखालचा चिमूटभर प्रसाद उचलला. थोडा तोंडात टाकला, थोडा सदऱ्याच्या खिशात. मग खुर्चीवर येऊन मांडी घातली.

व्याख्यान शेंदरी गव्हावर होतं आणि बोलत होते वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. धैर्यशील. पडद्यावर एकाच दाण्याचं भलंमोठं चित्र. अंग शेंदरी, टोकाला तिळाएवढा काळा ठिपका. या गव्हावर तांबेरा रोग पडत नाही, सर सांगत होते, आणि आता तो फक्त नेसरीच्या एका घरात उरलाय. त्या घरच्या धोंडुबाई तात्यांच्या शेजारीच बसल्या होत्या, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. गेल्या साली गव्यांचा कळप रानात शिरला आणि त्यांचं उभं पीक तुडवून गेला. वाचलं ते अर्धा किलो बी. पंधरा दिवसांनी त्याचीच पेरणी करायची होती.

"आणि आता हा गहू तुम्ही डोळ्यांनी बघा," सर म्हणाले.

संघप्रिया कांबळे ही त्यांची विद्यार्थिनी बाजूच्या खोलीतून जुना पितळी डबा घेऊन आली. सरांनी झाकण काढलं आणि आत बघितलं. चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

डब्यात गुळाचा एक खडा होता. दुसरं काही नव्हतं.

२

सभागृहाला काही कळेना. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "प्रयोग असंल," एकजण शेजाऱ्याला समजावत होता. "गव्हाचा गूळ केला बघ. विज्ञान हाय."

सरांचा चेहरा बघून टाळ्या आपोआप थांबल्या.

तात्या मात्र धोंडुबाईंकडं बघत होते. त्या उठल्या, स्टेजपाशी गेल्या, डब्यात डोकावल्या, आणि जाऊन परत जागेवर बसल्या. ऊर बडवला नाही, कुणाला शिव्या घातल्या नाहीत. हळू आवाजात एवढंच विचारलं, "आमचं मालक कुठं हायत?"

सरांनी सुरक्षारक्षकाला दार लावायला सांगितलं आणि पोलिसांना बोलवायला खिशातून फोन काढला. तात्या उठून त्यांच्यापाशी गेले.

"सर, एक सांगू? कीर्तनात पूर्वरंग झाला की थांबत्यात. बुवांना बुक्का लावत्यात, हार घालत्यात, मग कथा म्होरं जाती. तुमचा पूर्वरंग झाला. लोकास्नी च्या पाजा आनि अर्धा तास मला द्या. पोलीस आलं तर पयल्यांदा ह्या पोरीला नेत्याल."

पोरगी म्हणजे संघप्रिया. तिचा रंग पार उडाला होता. सरांनी तिच्याकडं बघितलं आणि फोन खिशात ठेवला.

तात्यांना तपास करता येत नव्हता. पण भरल्या गाडीत कोण कुठं चढलं आणि कुठं उतरलं, हे एकतीस वर्षं त्यांच्या डोक्यात पक्कं राहायचं. तेच आज करायचं, असं त्यांनी ठरवलं. चूक होईल की काय, याची धाकधूक होतीच.

३

बाजूच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि गूळ-पाण्याचं तबक होतं. तबकातले खडे डब्यातल्या खड्यासारखेच आहेत हे तात्यांनी आत शिरतानाच बघितलं.

"गूळ माझ्याच तबकातला आहे," संघप्रिया आपणहून म्हणाली. "पाहुण्यांसाठी मीच ठेवला होता. आणि तात्या, किल्लीपण माझ्याचकडं होती."

"सकाळधरनं सांग. कोण कवा आलं?"

साडेनऊला धोंडुबाई आणि त्यांचे मालक केरबा आले. तिनं दोघांना गूळ-पाणी दिलं. धोंडुबाईंनी डबा टेबलावर ठेवला तेव्हा झाकण उघडून दाखवला होता, गव्हानं भरलेला. मग ती धोंडुबाईंना सूक्ष्मदर्शकातून दाणा दाखवायला प्रयोगशाळेत घेऊन गेली. केरबा इथंच बसले. पावणेअकराला सगळे सभागृहात गेले आणि तिनं खोलीला कुलूप लावलं. डबा आणायला आली तेव्हा कुलूप तसंच होतं.

"डबा हलका लागला न्हाई?"

"पितळच एवढं जड आहे की लक्षात आलं नाही." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "अक्का बी घराबाहेर काढायला तयारच नव्हत्या. माझे वडील नेसरीत मास्तर होते, त्या ओळखीवर मी चारदा गेले. दोन महिन्यांनी माझा प्रबंध जायचाय. पण ते राहू दे. त्या माझ्या शब्दावर आल्या होत्या, तात्या."

मग सर आले. ते आधीच चिडलेले.

"हो, काल मी अर्धं बी मागितलं. आमच्या शीतगृहात ते पन्नास वर्षं टिकलं असतं. त्या म्हणाल्या, गारठवून काय मारायचंय व्हय. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं म्हणजे चोरी नव्हे."

"आज हिकडं आलतासा?"

"साडेदहाला. संगणकाची वायर न्यायला. ते म्हातारे डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. डब्यावर झाकण होतं." सर खुर्चीत टेकले. "मला तो गूळच कळत नाही. ओलावा धरायला ठेवला म्हणावं, तर बीच नाही. उंदरासाठी म्हणावं, तर इथं उंदीर नाही. सतरा वर्षं संशोधन करतोय मी. समोर गुळाचा खडा आहे आणि मला एक वाक्य सुचत नाही."

तात्यांनाही सुचत नव्हतं. पण त्यांनी मान डोलवली.

तिसरी वर्षाराणी, कार्यक्रमाची सगळी मांडामांड करणारी. एका हातात यादी, दुसऱ्यात फोन.

"मी सकाळी नऊला सगळं सामान ह्याच खोलीत आणून ठेवलं होतं. समई, परात, फुलं, शाली. नंतर फलक बांधायला बाहेर गेले. एकच वस्तू राहिली होती, तीपण कुणीतरी आणून ठेवली. साडेदहानंतर सगळं स्टेजवर नेलं आणि तेव्हापासून मी दारावर नावं लिहून घेतेय. डब्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. तात्या, खरंच."

"बघितलं न्हाईस हे पटतंय, बाई," तात्या म्हणाले. "यादी धरल्यावर मानसाला दुसरं दिसत न्हाई."

ती दाराबाहेर गेली आणि परत आत डोकावली. "एक सांगायचं राहिलं. त्या केरबांशी एक जाड मिशांचे गृहस्थ इथं बोलत होते. दहाच्या सुमाराला. दार अर्धं लावून."

४

जाड मिशांचे गृहस्थ चहाच्या रांगेत सापडले. विजयसिंह, जयसिंगपुरातले बियाण्यांचे व्यापारी. बगलेत फुगलेली बॅग. व्याख्यान चालू असताना ते मधेच उठून बाहेर गेले होते, हे तात्यांनी बघितलं होतं.

"बॅग उघडू का?" तात्यांनी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, आणि उघडलीही. आत दिवाळीची कॅलेंडरं. "बघा की. हवं तर एक घ्या."

"मधीच उठलासा कशाला?"

"ड्रायव्हरला फोन करायला. त्या म्हाताऱ्याला माझ्या गाडीतनं अंबाबाईला पाठवलाय. वाती लावल्या, त्यानं हात जोडले आनि मला म्हणाला, भाषान सुटंपतूर देवीला जाऊन येतो, गाडी कुठं मिळंल? मी म्हटलं, माझी घ्या की."

"पावणं, एवढी मानुसकी?"

विजयसिंहांनी मिशी खाजवली. "लपवून काय करू, तात्या. बी मिळंल का म्हणून सकाळी इचारलंतं त्यांना. पायजे तो भाव सांगा म्हटलं. मालक नुसतं हसलं. हो म्हणालं न्हाईत, न्हाई म्हणालं न्हाईत. वाटलं, गाडी दिली तर मन वळंल."

"जाताना रिकाम्या हातानं गेलं का?"

"न्हाई. हातात पिशवी हुती. भरलेली. मी आत काय हाय ते इचारलं न्हाई." आणि मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

तात्या हिशोब जुळवायला लागले. नवऱ्यानं घरचंच बी पिशवीत भरलं आणि व्यापाऱ्याच्या गाडीतून नेलं. मग ते व्यापाऱ्यालाच का दिलं नाही? आणि विकणारा माणूस डब्यात गूळ कशाला ठेवील? सगळी तिकिटं फाडलेली आणि गाडीत एक माणूस जास्त, तसं झालं होतं.

ते खोलीपाशी आले तर आत संघप्रिया सरांसमोर कागदावर काहीतरी लिहीत होती.

"चूक माझी, असं लिहून देते सर. किल्ली माझी, गूळ माझा. प्रबंध मागं घेते. तुम्ही केरबामामांना काही विचारू नका."

धोंडुबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

५

तात्यांनी दुसरी खुर्ची ओढली.

"अक्का, मगाधरनं मी बघतोय. चोर कोन, म्हणून तुमी एकदाबी इचारलं न्हाई. मालक कुठं हायत तेवढं इचारलंसा."

धोंडुबाईंनी संघप्रियाकडं बघितलं.

"आनि ती पोरगी तिकडं स्वतःचं नाव बुडवाय लागलीया."

मग त्या बोलल्या, खाली बघत. "गूळ बघितला आनि मला कळलं. आमच्या घरची रीत हाय ती, सासूबाईंची. बी डब्यातनं भाईर काढलं की डबा मोकळा ठेवायचा न्हाई, गुळाचा खडा ठेवायचा. ही रीत चोराला कुठली ठावं? ह्यांनीच काढलंय बी." त्यांनी पदराचं टोक बोटावरनं सोडवलं. "सकाळी तो मिशावाला आलता. ह्यांनी दिलं आसंल त्याला. चाळीस वर्षं नांदले मी. चार मानसांत ह्यांना चोर म्हणू का? आनि न्हाई म्हणलं तर ही लेक जाती. कुणाकडं बघू मी, भाऊ?"

संघप्रियाचं पेन थांबलं. सर भिंतीकडं बघू लागले.

"मिशावाल्याला बी मिळालं न्हाई," तात्या सावकाश म्हणाले. "तो अजून इचारतोयच. बरं, अक्का, बी डब्यातनं भाईर कवाकवा काढता तुमी?"

"पेरायला. कुणी मागितलं तर पसाभर द्यायला. आनि पेरणीच्या आधी देवळात."

"देवळात कशाला?"

"कीर्तन असतंय की. बुवांच्या म्होरं समई असती, तिच्याबुडी ज्याच्यात्याच्या घरचं बी ठेवत्यात. रातभर बियाणंबी कीर्तन ऐकतंय, असं म्हणत्यात आमच्यात. संपलं की उचलायचं, घरी न्यायचं आनि पेरायचं." त्यांनी डोळे पुसले. "पर हितं कुठलं कीर्तन? हितं तर साळा हाय."

तात्यांनी तेच शब्द मनात घोळवले. साळा हाय. बरोबर. धोंडुबाईंना ही शाळा होती, सरांना व्याख्यान, विजयसिंहांना बाजार. या इमारतीत येऊन कीर्तनाला बसणारा माणूस आजवर एकच होता, आणि तो म्हणजे ते स्वतः. पण आज दुसराही कुणी आला असेल तर? मांडी घालून, डोळे मिटून, या खोलीत बसलेला?

"वर्षाराणी," त्यांनी दाराकडं हाक मारली, "राहिलेली एक वस्तू, जी कुणीतरी आणून ठेवली, ती कंची?"

"समईखाली घालायला गहू," ती म्हणाली. "कँटीन बंद होतं. परत आले तर परात भरलेली. मला वाटलं, शिपायानं आणले असतील. मी वरून फुलं पसरली आणि..."

तिनं वळून स्टेजकडं बघितलं.

तात्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. तळहातावर सात दाणे होते. अंग शेंदरी, टोकाला तिळाएवढा काळा ठिपका.

"चोरीचा माल माज्याकडं सापडला, सर," ते म्हणाले. "आनि खरं सांगायचं तर दोन दाणं मी खाल्लं."

६

लोक चहा घेऊन परत आले तेव्हा स्टेजवर सगळे समईभोवती वाकलेले. धोंडुबाईंनी दोन बोटांनी पाकळ्या बाजूला केल्या. खाली शेंदरी रास तशीच होती, वातींच्या उजेडात चमकत. एका बाजूनं थोडं तेल निथळलं होतं, बोटभर गहू भिजला होता.

"तेवढ्याची खीर करू," धोंडुबाई म्हणाल्या. एवढा वेळ न आलेलं रडू त्यांना आता आलं.

तात्या सरांना समजावत होते. "कुलूप लावायच्या आधीच बी खोलीतनं गेलतं, म्हणून कुलूप शाबूत. तुमी साडेदहाला आलासा तवा डब्यावर झाकण हुतं, पर आत गूळच. केरबांनी रिकामी परात बघितली, शेजारी समई बघितली. घरनं पेरणीचं बी आनलेलं. बाहेर लोक जमाय लागलेली, बुवा कोट घालून तयार. त्यांना दुसरं काय वाटंल? डब्यात गूळ ठेवला तो बी परत येनार म्हणून. विकणाऱ्यानं ठेवला नसता. आमी दोघं एकाच गाडीचं प्रवासी, सर. फकस्त मी खिसा चाचपायला उशीर केला."

"आणि ती भरलेली पिशवी?" विजयसिंह मागून म्हणाले.

उत्तर दारातून चालत आलं. केरबा. डोक्याला पटका, कपाळाला कुंकू, हातात तीच पिशवी. ओटीचं सामान देवीला वाहून झालं होतं आणि आता पिशवीत प्रसादाचा नारळ होता. स्टेजवरची गर्दी बघून ते घाबरे झाले. दोन-दोन पायऱ्या टाकत वर आले.

"आरं, हात लावू नका. कीर्तन संपलं न्हाई न्हवं अजून?"

"बी कुठं गेलं म्हणून जीव जायची येळ आली हितं," धोंडुबाईंनी त्यांना फैलावर घेतलं. "सांगून जायाला काय झालतं?"

"बी कुठं जातंय?" केरबांना खरंच काही कळेना. "समईबुडी हाय की. दरसाल तितंच असतंय. गूळबी ठेवलोता डब्यात, तुला कळावं म्हणून."

"कळलं," धोंडुबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याकडं बघायच्या ऐवजी त्यांनी जमिनीकडं बघितलं. "भलतंच कळलं." आपण काय समजून बसलो होतो, ते त्यांनी तिथं सांगितलं नाही. खोलीत ज्यांनी ऐकलं होतं त्यांनीही नाही. विजयसिंहांनी तेवढी कॅलेंडरांची बॅग दुसऱ्या बगलेत घेतली.

संघप्रियानं हातातला कागद चार तुकडे करून ओढणीत धरला. सरांनी परात उचलायला हात पुढं केला, तर केरबा आडवे आले.

"मधीच उठवायचं नसतंय, सायेब. बोला की म्होरं. तुमचं संपू द्या, मग नेतो."

डॉ. धैर्यशील यांनी आयुष्यात पुष्कळ परिषदा गाजवल्या असतील. पण त्या दिवशीचा उत्तररंग काही वेगळाच झाला. त्यांनी कांडी टेबलावर ठेवली आणि ते समईपाशी उभं राहून बोलले. तांबेरा काय करतो, हा दाणा त्याला कसा पुरून उरतो, आणि एका घरानं ते बी एवढी वर्षं कसं सांभाळलं. केरबा डोळे मिटून ऐकत होते. तात्यांना नेहमीप्रमाणे अर्धं कळलं.

संपल्यावर धोंडुबाईंनी परातीतला गहू ओंजळीनं डब्यात भरला. शेवटची ओंजळ मात्र त्यांनी संघप्रियाच्या हातात दिली. "ही तुमच्या गारठ्याच्या खोलीत ठेव. तुज्या हातानं. सायबांच्या न्हवं." डब्यातनं आधी काढून ठेवलेला गुळाचा खडा फोडला गेला, पहिल्या रांगेत वाटला, आणि सगळ्यात मोठा तुकडा विजयसिंहांच्या हातावर पडला.

तात्या सात दाणे घेऊन पुढं आले. ओशाळलेले. एकेक दाणा डब्यात टाकला आणि म्हणाले, "अक्का, दोन कमी हायत."

"असू द्यात, भाऊ," धोंडुबाई झाकण लावत म्हणाल्या. "त्या दाण्यांनी कीर्तन आतनं ऐकलंय."

हॉलमधल्या खुर्च्या हलायला लागल्या होत्या. समईच्या पाचही वाती अजून जळत होत्या, आणि त्या विझवायला कुणाचाही हात पुढं होत नव्हता.